गच्चीवरच्या चाळीस कुंड्यांना ठिबक: आधी टाकीची उंची बघा

ताई, तुमच्या गच्चीवर चाळीस कुंड्या आहेत, मे महिन्यात दहा दिवस गावी जायचंय आणि टाकी कुंड्यांपेक्षा साधारण पाच फूट उंच आहे. मोटर न लावता ठिबक चालेल का, असं विचारलंत. चालेल. पण तयार किट उचलून आणण्याआधी पाण्याच्या दाबाचा विचार करा.

ड्रिपरवर, म्हणजे कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीवर, लिहिलेले ताशी लिटर बहुधा दहा मीटर उंचीच्या दाबाला धरून असतात. तुमची उंची दीड मीटर. इतक्या दाबाला ताशी चार लिटरचा साधा ड्रिपर जेमतेम दीड लिटर देतो, दोन लिटरचा पाऊणच. म्हणून चारचेच घ्या. 'प्रेशर कॉम्पेन्सेटिंग' (दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) ड्रिपर शेतात उत्तम, तुमच्याकडे नकोत. एवढ्या कमी दाबात ते नीट काम करत नाहीत. टायमरचंही तसंच. सोलेनॉइडच्या (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या झडपेच्या) बऱ्याच टायमरना उघडायला दाब लागतो, तेव्हा बॉल व्हॉल्व्हवर, म्हणजे आत गोळा फिरून उघडणाऱ्या झडपेवर चालणारा, 'झिरो प्रेशर' लिहिलेला मागून घ्या. निघण्याआधी त्यात नवे सेल घाला.

मुख्य नळी १६ मिमीची, काळीच. पांढऱ्या किंवा पारदर्शक नळीत ऊन शिरतं आणि आत शेवाळ धरतं. वेटोळं तासभर उन्हात ठेवलं की ती सरळ होते. कनेक्टर घुसत नसेल तर टोक गरम पाण्यात बुडवा. जमलं तर नळी कुंड्यांभोवती फिरवून दोन्ही टोकं सुरुवातीच्या टी-ला (तीन तोंडांच्या जोडाला) जोडा. असं कडं केलं की लांबच्या कुंडीलाही जवळपास सारखं पाणी जातं.

फिल्टरवर मात्र पैसे वाचवू नका, हे कळकळीने सांगते. पहिल्या वर्षी मी फिल्टर लावलाच नव्हता. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. आठ दिवसांनी परत आले तर शेवटचा मोगरा वाळून काड्या झालेला. ड्रिपर उपटून बघितला, तोंडाशी क्षारांचा पांढरा खडा आणि आत टाकीतला गाळ. सात वर्षं वाढवलेलं झाड होतं ते, फार लागलं मनाला. आता टाकीनंतर लगेच जाळीचा फिल्टर आहे, दर पंधरवड्याला जाळी धुते. क्षार फिल्टरने थांबत नाहीत, त्यासाठी ड्रिपर दोन महिन्यांतून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवते. जीवामृत किंवा शेणपाणी नळीतून सोडू नका, ते हातानेच घाला.

बारा इंची कुंडीला मेमध्ये दिवसाला लिटरभर पाणी धरा. म्हणजे सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मिनिटं. एकदम सोडलं तर कोकोपीटच्या हलक्या मातीतून ते खालून निघून जातं. ड्रिपर खोडाला चिकटवू नका, खोड आणि काठ यांच्या मधोमध खोचा आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. चाळीस कुंड्यांचे दिवसाला चाळीस लिटर, दहा दिवसांचे चारशे. तुम्ही नसताना टाकी कोण भरणार, तेही बघून ठेवा. पातळी उतरली की थेंबही मंदावतात.

जायच्या किमान आठवडाभर आधी सगळं बसवा. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक लिटरभराचं भांडं ठेवून वीस मिनिटांनी बघा. शेवटच्यात फारच कमी भरलं तर मला इथेच आकडे कळवा, नळीचे दोन फाटे कुठे करायचे ते सांगते.