सगळ्यांचा गोळा १५५ मिमीचाच, मग पोलंड-नॉर्वे कोरियाची तोफ का घेतात?

तुमचा प्रश्न असा: पोलंड, नॉर्वे, फिनलंड, एस्टोनिया, रोमेनिया हे सगळे नाटोतले देश. शेजारी जर्मनीची उत्तम तोफ असताना ते दक्षिण कोरियाची के-९ का घेतात? आणि गोळा सगळीकडे १५५ मिमीचाच असेल तर कोणाचीही तोफ घेतली म्हणून काय बिघडतं?

मी तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस. माझी बरीचशी नोकरी बोफोर्सवर गेली. के-९ मी चालवलेली नाही, देवळालीत उभी पाहिली आहे तेवढीच. हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: तारीख. पोलंडने २०२२ मध्ये आपल्या १८ क्रॅब तोफा युक्रेनला दिल्या आणि आणखी पन्नासेक विकायचा करार केला. (क्रॅब ही के-९ सारखीच, रणगाड्यासारख्या गाडीवर चढवलेली तोफ. तिची खालची गाडीसुद्धा के-९ चीच, वरचा टरेट, म्हणजे नळी बसवलेला फिरता भाग, ब्रिटिश धाटणीचा.) आता ही रिकामी झालेली जागा भरायची कशी? ऑगस्टमध्ये पोलंडने कोरियाशी २१२ के-९ चा करार केला आणि डिसेंबरात पहिल्या २४ तोफा ग्दिनिया बंदरात उतरल्या. चार महिने! आपल्याकडे एवढ्या वेळात फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. जर्मनीने स्वतःसाठी २०२३ मध्ये आपल्याच दहा पीझेडएच-२००० तोफा मागवल्या, तर तिला तारीख मिळाली २०२५-२६ ची.

जर्मन तोफ वाईट आहे असं नाही. गोळा भरण्याच्या यंत्रणेत मी तिलाच वरचा नंबर देईन. पण १९९१ नंतर युरोपने 'आता कोण लढतंय' म्हणून तोफांच्या कारखान्यांना जवळजवळ टाळं लावलं. कोरियाला ती चैन परवडणारी नव्हती. सोल शहर सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर, आणि पलीकडे उत्तर कोरियाचा तोफखाना रोखलेला. म्हणून १९९९ पासून के-९ ची लाइन थांबलीच नाही. लाइन चालू म्हणजे कारागीर जागेवर, सुटे भाग मिळणार, किंमतही आटोक्यात. फिनलंडने तर २०१७ मध्ये कोरियन सैन्याच्या वापरलेल्या ४८ तोफा सुमारे १४.६ कोटी युरोत घेतल्या, पाठोपाठ एस्टोनियानेही तीच तोफ निवडली. शेजाऱ्याकडे तीच तोफ असली की सुटे भाग आणि प्रशिक्षण, दोन्हींची सोय होते. दोघांच्याही सीमेपलीकडे रशिया आहे, हे वेगळं सांगायला नको.

के-९ लढाईतही दिसली आहे, आणि तिथलं चित्र जाहिरातीइतकं चकचकीत नाही. २३ नोव्हेंबर २०१० ला उत्तर कोरियाने दक्षिण कोरियाच्या योनप्योंग बेटावर गोळे टाकले. बेटावर सहा के-९ होत्या. सुरुवातीला त्यातल्या सगळ्या चालल्या नाहीत. तरी त्यांनी ८० गोळ्यांचं उत्तर दिलं. चार दक्षिण कोरियन माणसं गेली.

आता दुसरा प्रश्न, माझ्या जास्त आवडीचा. १५५ मिमी हे फक्त नळीच्या तोंडाचं माप आहे. मागे दारू जळते त्या चेंबरचं आकारमान, नळीची लांबी, गोळ्याचं वजन, चार्जची (म्हणजे गोळा ढकलणाऱ्या दारूची) जात, फ्यूज (गोळा फोडणारी कळ), या सगळ्यावर गोळा कुठे पडणार ते ठरतं. नाटोतल्या काही मोठ्या देशांनी ५२ कॅलिबरच्या (तोंडाच्या मापाच्या ५२ पट लांब) नळीसाठी २३ लिटरचं चेंबर ठरवून घेतलं. म्हणजे शेजाऱ्याचा गोळा आपल्या नळीत शिरतो. पण शिरतो आणि नेमका पडतो यात फार अंतर आहे. तोफ आणि गोळ्याच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा फायरिंग टेबल (किती अंतरासाठी नळी किती उचलायची याचा तक्ता) लागतो, तो तोफेच्या संगणकात भरलेला असावा लागतो. युक्रेनला डझनभर जातींच्या तोफा आणि गोळे मिळाले तेव्हा हीच डोकेदुखी झाली.

नवीन भरती झालो होतो तेव्हाची गोष्ट. रेंजवर फायरिंग चालू, ओपीवरून (पुढच्या निरीक्षण चौकीवरून) करेक्शन येतंय, आणि आमच्या तोफेचा एक गोळा पुढे, एक मागे. उस्ताद तोफेवर आले, कोणाला काही बोलले नाहीत, सरळ चार्जच्या पेट्यांपाशी बसले आणि प्रत्येक पेटीवरचा लॉट नंबर बोट फिरवत वाचू लागले. दोन वेगळे लॉट एकत्र झाले होते. कारखाना तोच, चार्ज तोच, फक्त वेगळ्या वेळी बनलेला. पेट्या मी उतरवल्या होत्या. पुढचे दोन तास त्याच पेट्या एकट्याने लॉटप्रमाणे वेगळ्या रचल्या. एका कारखान्याच्या दोन लॉटमध्ये ही गत, मग पाच देशांच्या पाच कारखान्यांचं तुम्हीच बघा.

म्हणून माझ्या मते तोफेपेक्षा गोळ्याचा प्रश्न मोठा. युरोपीय संघाने मार्च २०२४ पर्यंत युक्रेनला दहा लाख गोळे द्यायचं कबूल केलं होतं, मुदतीत निम्म्याच्या आसपास पोचले. शिवाय नळी झिजते. जर्मन तोफा युक्रेनमध्ये दिवसरात्र धडधडल्यावर दुरुस्तीसाठी लिथुआनियात न्याव्या लागल्या. बदली नळ्या नसतील तर गोळ्यांचा डोंगर असूनही उपयोग नाही.

खाली एकांनी विचारलंय, आपल्या सैन्याकडची वज्र तोफ म्हणजे के-९ च का? हो. नाटोशी आपला संबंध नाही, पण तोफ तीच. लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला १०० बनवल्या, त्यातल्या पहिल्या तोफा सैन्यात दाखल करून घेण्याचा समारंभ नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीत झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ७,६२८ कोटींचा दुसरा करार झाला. मुळात घेतल्या होत्या राजस्थानच्या वाळवंटासाठी. गलवाननंतर त्यातल्या काही लडाखला चढवल्या, आणि ४७ टनांचं ते धूड तिथे पोचल्यावर थंडीत चालावं म्हणून वेगळ्या सामानाची जुळवाजुळव करावी लागली.