शत्रू वजा करून बघ

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भाऊ देवाधर्माचं करायला लागला म्हणून घरात सगळे खूश होते, आणि आता त्याच्या तोंडी देव कमी, 'ते लोक' जास्त, हे तू नेमकं हेरलंस. पण मग 'खरा धर्म कोणता' ते शोधायला पोथ्या उघडून बसलीस, तिथे मी वैतागलो. पोथ्या राहू देत. शत्रू वजा कर आणि काय उरतं ते बघ.

पाकिस्तानचंच घे. १९५३ साली पंजाबात अहमदियांविरुद्ध, म्हणजे स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्या एका छोट्या पंथाविरुद्ध, दंगली पेटल्या, लाहोरात मार्शल लॉ लागला. चौकशीला बसलेल्या न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांनी उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, विचारलं, मुसलमान कोणाला म्हणायचं? कोणाही दोन उलेमांची उत्तरं जुळेनात. अहमदिया मुसलमान नाहीत, यावर मात्र एकमत!

१९७४ मध्ये घटनादुरुस्ती झाली, अहमदिया बिगरमुस्लिम ठरले. मागणी पुरी झाली. मग थांबायला नको? १९८४ मध्ये लष्करशहा झियांचा अध्यादेश आला: अहमदियांनी स्वतःच्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हटलं, अजान दिली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. रबवा या अहमदियांच्या गावात अब्दुस सलाम या अहमदिया भौतिकशास्त्रज्ञाच्या कबरीवर 'पहिले मुस्लिम नोबेल विजेते' असं कोरलेलं होतं. त्यातला 'मुस्लिम' तेवढा पुसून टाकला. मेलेल्या शास्त्रज्ञाच्या दगडाशी वैर!

आणि १९८५ मध्ये पंजाबातल्या झंगला सिपाह-ए-सहाबा ही कट्टर सुन्नी संघटना उभी राहिली. मागणी जुनीच, फक्त आता शियांना काफिर ठरवा. १९५३ च्या आघाडीत शिया पुढारीही होते, हे लक्षात ठेव. बरेलवी, म्हणजे दर्गे मानणाऱ्या सुन्नी पंथाचे, मौलवी तर पुढेच होते. मग पाळी त्यांचीही आली. २०१० मध्ये, बरेलवी ज्याला मानतात त्या लाहोरच्या दाता दरबार दर्ग्यात आत्मघाती स्फोट झाले, चाळीसहून जास्त माणसं गेली.

तू म्हणशील, सर, शत्रू खरा असला तर? असू दे की. खऱ्या भांडणात कधीतरी तह होतो. इथे तह झाला तर पुढाऱ्याची गादी, वर्गणी, पोरांना मिळालेला मान, सगळंच बुडतं. म्हणून पुन्हा सांगतो, शत्रू वजा कर.

मी एका संघटनेतून बाहेर पडलो तेव्हा मला पळपुटा म्हणाले. मी बैठकीत एवढंच विचारलं होतं, ज्यांच्याविरुद्ध आपण उभे आहोत ती माणसं उद्या गाव सोडून गेली तर परवा आपला कार्यक्रम काय? उत्तर कोणी दिलं नाही. मी कोणाचा माणूस, याची चौकशी सुरू झाली. दोन जिवलग दोस्त तुटले, ते अजून सलतं. पण मी पळालो नाही. उत्तर आणा, परत येतो, असं सांगून आलो होतो. अजून कोणी आलेलं नाही.

भावाशी इतिहासावर वाद घालू नकोस. तो दहा दाखले देईल, तू अकरा देशील, आई रडत बसेल. त्याला एवढंच विचार: महिनाभर 'त्यांचं' नाव न काढता तू तुझा धर्म कसा पाळशील? त्याने हरिपाठ म्हटला, उपास धरला, वारीला निघाला, तर भांडू नकोस, बरोबर जा. नुसताच चिडला तर मला कळव. मी येऊन बोलतो त्याच्याशी.

तुझा,
सर