वणवा रोखण्याची माहिती गावोगावी कशी पोहोचवावी? हवाईसारख्या बेटांकडून कोल्हापूरकरांनी काय घ्यावं?

माहिती असते, पण ती डोंगरावर गुरं चारणाऱ्यापर्यंत जात नाही, अडतं ते इथंच. पॅसिफिक बेटांवर 'पॅसिफिक फायर एक्सचेंज' हेच काम करतं: शास्त्रज्ञ, अग्निशमन दल आणि जमीन सांभाळणारे यांची गाठ घालून देतं. हवाईत उसाचे, अननसाचे मळे बंद पडले आणि पडीक रानात बाहेरून आलेलं गिनी गवत माजलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथलं लाहायना शहर जळालं, त्यात जोरदार वाऱ्याबरोबर अशा वाळल्या गवताचाही हात होता.

मला मात्र पॅसिफिकमधल्याच ग्वाम बेटाचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. कोवळ्या गवतावर हरणं यावीत म्हणून तिथं शिकारी माळ पेटवतात. आपल्याकडं राधानगरी, पन्हाळ्याच्या बाजूला 'जाळलं की गवत जोमानं येतं' म्हणून डोंगर पेटतोच की! मग पहिल्या वळवात उघडी माती ओढ्याला जाते, करवंद-जांभळाची रोपं जातात ती वेगळीच. हे बाहेरच्यानं सांगून पटत नाही, शेजारच्या गावातल्या गुराख्यानं सांगितलं तर पटतं.

म्हणून गवत पुरतं वाळायच्या आत दोन-तीन गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांना एकत्र बोलवा. एका गावाच्या हद्दीत वनरक्षक जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) काढताना बाकीच्यांनी हजर राहावं. वारा कधी पडतो, ओल्या डहाळीनं आग कशी झोडपायची, हे तिथंच हाताला कळतं. स्वतःहून वनात काडी लावू नका, तो गुन्हा आहे. वणवा दिसला तर वनविभागाचा १९२६ नंबर लावा.