यशस्वी टेनिसपटू उत्तम प्रशिक्षकही होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि माझ्या मते इव्हान लेंडल हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. एकेरीची ८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवणारे आणि एकूण २७० आठवडे जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी राहिलेले लेंडल पाठीच्या दुखण्यामुळे १९९४ मध्ये निवृत्त झाले. मात्र प्रशिक्षक म्हणून त्यांच्या उपयोगी पडला तो विजयांपेक्षा पराभवांचा अनुभव, असे मला मनापासून वाटते. कारकिर्दीतील पहिले चारही ग्रँड स्लॅम अंतिम सामने ते हरले होते आणि पाचव्यात, म्हणजे १९८४ च्या फ्रेंच ओपनमध्ये, जॉन मॅकेन्रो यांच्याविरुद्ध पहिले दोन सेट गमावल्यानंतर त्यांनी सामना फिरवला. २०१२ च्या सुरुवातीला ते अँडी मरे यांचे प्रशिक्षक झाले, तेव्हा मरेही असे तीन अंतिम सामने हरलेले होते. चौथा त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये हरले. त्यानंतर काही आठवड्यांतच मरे यांनी ऑलिंपिक सुवर्णपदक, मग अमेरिकन ओपन आणि २०१३ मध्ये विम्बल्डन जिंकले. स्वतः लेंडल यांना विम्बल्डनने कायम हुलकावणी दिली होती. २०१४ मध्ये दोघे वेगळे झाले, २०१६ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि मरे यांनी विम्बल्डन दुसऱ्यांदा जिंकले.