दुधाशिवाय आंब्याचं आइस्क्रीम करताय? आधी केळं गोठवा

पहिल्यांदाच करताय, तर नुसत्या आंब्यावर जाऊ नका. एका हापूसला दोन केळी घ्या. केळ्याचा गर दाट, पाणी आंब्यापेक्षा कमी, म्हणून साय न घालताही मलईदारपणा येतो. सालीवर काळे ठिपके आलेलीच केळी निवडा. पिकलेल्या फळात साखर जास्त असते आणि साखरेमुळे फळ दगडासारखं गोठत नाही.

पेराएवढ्या फोडी करून ताटात सुट्या पसरा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. डब्यात दाबून भरल्या तर एकच ढेकूळ होतं.

खरी कसोटी मिक्सरची. फोडी बाहेर काढून पाचेक मिनिटं थांबा. थोड्या थोड्या भांड्यात घालून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की मोटार तापते, भांडं गरम होतं आणि फळ वितळतं. आधी नुसता रवाळ चुरा दिसेल. इथेच बहुतेकजण घाबरून पाणी ओततात, आणि मग खाताना बर्फाचे खडे लागतात. तुम्ही कडा खरवडा, पुन्हा फिरवा. तो चुरा अचानक मऊसूत होतो, फार आनंदाचा क्षण असतो तो! अगदीच अडलं तर दोन चमचे नारळाचं घट्ट दूध घाला. चिमूटभर मीठही घालाच, आंबा खुलतो.

कलिंगडाला ही पद्धत लावू नका, त्यात पाणी फार. सीताफळ मात्र अप्रतिम होतं, फक्त एकही बी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. आणि झाल्या झाल्या वाढा, उरलेलं पुन्हा गोठवलं की कडक होतं.