दुष्काळात शहराने पाणीबचतीसाठी पैसा कोठून आणावा आणि लोकांना तिच्याकडे कसे वळवावे?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराचे आहे. सलग तीन वर्षे पावसाने ओढ दिल्यावर १ फेब्रुवारी २०१८ पासून तेथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा लागू झाली.

खरी अडचण पैशाची होती, कारण लोकांनी वापर कमी केला की पाणीपट्टीचे उत्पन्न घटते आणि नेमक्या त्याच वेळी विहिरी, गळती दुरुस्ती व खारे पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पांवरचा खर्च वाढतो. त्यासाठी महापालिकेने मालमत्तेच्या मूल्यावर दुष्काळ कर सुचवला. परंतु ज्यांनी आधीच काटकसर केली होती त्यांनाही तो दंड वाटला आणि तीव्र विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. (विरोध मला रास्त वाटतो.) पुढे जास्त वापरासाठी चढे दर आणि नळजोडणी किती मोठी यानुसार ठरावीक शुल्क, असा मार्ग स्वीकारला गेला. त्यापूर्वी, २०१७ मध्ये, शहराने १ अब्ज रँडचे (रँड हे तिथले चलन) हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखेही काढले होते.

प्रचारात महामार्गांवरील फलकांवर धरणसाठा झळकत असे. त्याहून परिणामकारक ठरू शकणारा उपाय म्हणजे, मर्यादेत वापर करणाऱ्या घरांवर हिरवा ठिपका दाखवणारा सार्वजनिक नकाशा. त्यावर खासगीपणाचा आक्षेप आला, तरी शेजाऱ्याचा ठिपका पाहून आपला नळ आवरणे हा मनुष्यस्वभावच आहे.