एक घनमीटर गॅस म्हणजे नक्की किती?

प्रश्न : आमच्याकडे गेल्या वर्षी पाइपचा गॅस आला. मीटरवर नुसतं घनमीटर लिहिलंय, बिलात मात्र ‘एससीएम’. दोन्ही एकच का? शेजारच्या काकू म्हणतात, हा गॅस सिलेंडरपेक्षा पातळ असतो. खरं आहे का?
– एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, गॅस मोजण्यातच माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे या प्रश्नाचा फार आनंद झाला. दोन्ही एकच नाहीत.

गॅस तापला की फुगतो, दाबला की आक्रसतो. म्हणून ‘एक घनमीटर’ एवढंच सांगून भागत नाही. किती तापमानाला, किती दाबाला, हेही सांगावं लागतं. एससीएम म्हणजे स्टँडर्ड क्युबिक मीटर : १५ अंश सेल्सिअस आणि १.०१३२५ बार दाब, म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब, या स्थितीतला एक घनमीटर. तुमच्या घरच्या मीटरला यातलं काही कळत नाही. आत चामड्यासारखे पडदे असतात, ते भाता भरावा तसे भरतात नि रिकामे होतात, आणि आकडे पुढे सरकतात. (लाल चौकटीतले आकडे दशांश चिन्हानंतरचे असतात, रीडिंग पाठवताना ते घनमीटरमध्ये धरू नका. ही चूक मी फार पाहिली आहे.)

आता पुण्याचं बघा. आपण साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. घरात गॅस येतो तो या हवेच्या दाबापेक्षा फक्त २१ मिलीबार जास्त दाबाने. एप्रिलमध्ये मीटरपाशी ३० अंश असतील, तर मीटरवरच्या एका घनमीटरात जेमतेम ०.९१ एससीएम गॅस भरतो. डिसेंबरातल्या १५ अंशांच्या पहाटे तोच आकडा ०.९६ च्या जवळ जातो. तेव्हा बिलावर दुरुस्तीचा गुणक, म्हणजे मीटरच्या घनमीटरांवरून एससीएम काढायला ज्याने गुणतात तो आकडा, छापला आहे का ते बघा. नसेल तर कंपनीला लेखी विचारा. ग्राहकाचा तो हक्कच आहे.

हा घोळ मोठ्या ठिकाणीही होतो. एका कारखान्यात करार एससीएमचा होता, पण त्यांच्या यंत्रात शून्य अंशाचा ‘नॉर्मल’ घनमीटर भरलेला. फरक साडेपाच टक्के! दोन्ही बाजू तीन महिने भांडत होत्या आणि दोघांचेही मीटर बरोबर होते.

काकूंचं म्हणणं आकारमानापुरतं खरं आहे. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत अडीच ते तीन पट उष्णता असते. म्हणूनच जोडणी करताना तुमच्या शेगडीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, बदलले. नव्या जेटचं भोक मोठं असतं. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये अंदाजे १ लाख ६९ हजार किलोकॅलरी उष्णता असते. पाइपच्या गॅसची ९,००० ते ९,५०० प्रति एससीएम धरली, तर एक सिलेंडर म्हणजे १८-१९ एससीएम. भावाची तुलना याच हिशेबाने करा.

प्रश्न : बॉयलरवाल्याने ९२ टक्के कार्यक्षमता सांगितली होती. गॅसच्या बिलावरून मी काढली तर ८३ येते. फसवलं का?
– एक लघुउद्योजक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा नाही. गॅस जळल्यावर किती उष्णता देतो, म्हणजे त्याची कॅलरिफिक व्हॅल्यू, ती दोन तऱ्हांनी मोजतात : ग्रॉस आणि नेट. गॅस विकला जातो ग्रॉसवर, आणि बॉयलरवाले बोलतात नेटवर. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. गार पातेलं शेगडीवर ठेवताच बुडाला बाहेरून दव धरतं ना, तेच हे पाणी. ग्रॉसमध्ये या वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता धरतात. नेटमध्ये ती सोडून देतात, कारण साध्या बॉयलरमध्ये ती धुराड्यातूनच निघून जाते. नैसर्गिक वायूत हा फरक सुमारे दहा टक्क्यांचा. ९२ ला ०.९ ने गुणा, तुमचे ८३ येतील.

पुढच्या वेळी कोटेशनवर ‘ग्रॉस’ की ‘नेट’ हे लिहूनच घ्या. आणि गॅसच्या करारात भाव एमएमबीटीयूवर (हे उष्णता मोजायचं एकक) असेल, तर हेही ध्यानात ठेवा : एक एमएमबीटीयू म्हणजे सुमारे २ लाख ५२ हजार किलोकॅलरी. ग्रॉस प्रति एससीएम ९,००० किलोकॅलरी असेल तर २८ एससीएम, ९,५०० असेल तर साडेसव्वीस. त्या महिन्याच्या गॅसचा क्रोमॅटोग्राफचा (गॅसमधले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) अहवाल बिलासोबत मागून घ्या.